जाळरेषेवरचे चार महिने

ताडोबात तुम्ही जिप्सीत बसून येता ना, तेव्हा रस्त्याच्या कडेला पाला झाडलेला मोकळा पट्टा दिसते, पण तिकडे कोण पाहते, सगळ्यांना वाघ पाहिजे. त्या पट्ट्याला म्हणतात जाळरेषा, आग इथपर्यंत आली तर तिला पुढं खायला काही भेटू नये म्हणून. मी मोहर्लीकडच्या गावातला, १९५५ साली इथं नॅशनल पार्क झालं तेव्हा तर माझ्या आजीचं लग्नही झालं नव्हतं, पण फायर वॉचरचं, म्हणजे जंगलात आगीवर लक्ष ठेवायचं काम लागेपर्यंत मला जंगल म्हणजे सरपण अन् भीती, बस.

१५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा सीझन. एकाच्या पाठीवर पाला उडवायचं ब्लोअर, मागून आम्ही खराटे घेऊन. सागाचं वाळलेलं पान पापडासारखं मोडते, दिवसभर तोच आवाज. संध्याकाळी पट्टा चकाचक करून गेलं की सकाळी त्या धुळीत रात्रीची सगळी हजेरी. साळिंदराचा काटा, अस्वलाचं मागचं पाऊल तर हुबेहूब लहान पोराचं, फक्त पुढं नखं. एकदा वाघिणीचे पगमार्क, आमच्याच खराट्याच्या रेघांवरून सरळ गेलेले. तिलाही मऊ रस्ताच बरा वाटते ना.

आग आपोआप नाही लागत बाप्पा. मार्च-एप्रिलात पहाटे मोह गळते, पाल्यात फुलं दिसत नाही म्हणून लोकं झाडाखाली काडी लावतात अन् मग वारा सुटला की संपलं. आजीही लावायची, माचिस मीच आणून द्यायचो. यंदा मी तिला मोहाखाली जुनी साडी अंथरून दिली तर म्हणते, तुला काम लागलं का मला पंचायत लागली!

सॅटेलाईटचा अलर्ट मोबाईलवर येते, पण कधी कधी नाकाला आधीच कळते. बांबू जळला की फटाक्यासारखा फुटते, तो आवाज लय दुरून येते. मग ओल्या फांद्या तोडायच्या अन् झोडपत सुटायचं, पाणी कुठून आणणार तिथं. अन् कान पण बदलले, चितळ तर उगीचही ओरडते, पण सांबर ओरडलं म्हणजे वाघ जवळच, मग आम्ही खराटे खाली ठेवून एका जागी गुपचूप.

१५ जूनला काम संपलं, आता धानाची रोवणी चालू आहे. पहाटे चुलीचा धूर आला की अजूनही मी दचकून उठतो, अन् आई म्हणते, झोप रे बावा, चाय मांडली.