क्रोना कोसळला तेव्हा

(दृश्य : आइसलँडची राजधानी रेक्याविक, तिथलं बंदर. वारा, ढगाळ आभाळ.)

६ ऑक्टोबर २००८, सोमवार. आइसलँडचे पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर आले. बँकांबरोबर अख्खा देश भोवऱ्यात ओढला जाईल आणि दिवाळखोरीत निघेल, असा धोका आहे, हे त्यांनी लोकांना सांगितलं. शेवटचे शब्द होते, "देव आइसलँडचं भलं करो." पंतप्रधानांच्या तोंडून हे ऐकल्यावर लोकांच्या पोटात गोळा आला.

लोकसंख्या ३ लाख २० हजारांच्या आसपास. हा देश पिढ्यान् पिढ्या मासळीवर जगत आला. पुढे अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने आले. मग बँकांचं खासगीकरण झालं, आणि ग्लिटनिर, लँड्सबँकी, काउपथिंग या तीन बँकांनी परदेशातून कर्ज उचलून परदेशातच पैसा लावायचा सपाटा लावला. काही वर्षांत त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाला.

मेख इथेच होती. बँकेला पैशांची चणचण भासली की देशाची मध्यवर्ती बँक तिला उसने देते. पण आइसलँडची मध्यवर्ती बँक छापणार क्रोना, म्हणजे देशाचं स्वतःचं चलन, आणि बँकांची देणी युरोत, डॉलरमध्ये, पाउंडात. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली. जगभर बँकांनी एकमेकींना उसनं देणं थांबवलं. महिन्याच्या आत आइसलँडच्या तिन्ही बँका सरकारी ताब्यात गेल्या.

आइसलँडने बँका बुडू दिल्या, असं कौतुकाने सांगितलं जातं. माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे. वाचवायला पैसाच नव्हता. हातात होतं ते इतकंच, की आधी कोणाला सांभाळायचं हे ठरवणं. भाषणाच्याच दिवशी संसदेने तातडीचा कायदा केला. ठेवीदारांचा हक्क रोखेधारकांच्या, म्हणजे बँकांचे रोखे घेऊन त्यांना कर्ज देणाऱ्यांच्या, आधी लावला. देशातले व्यवहार नव्या बँकांकडे दिले, आणि परदेशी देणी जुन्या बँकांच्या माथी राहिली. त्यामुळे रेक्याविकमधल्या माणसाचं कार्ड दुसऱ्या दिवशीही चाललं.

याचे पडसाद बाहेर उमटले. लँड्सबँकीच्या 'आइससेव्ह' खात्यांत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लाखो लोकांची बचत होती. ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा लावून बँकेची मालमत्ता गोठवली. मित्रदेशाने असं करावं, हे आइसलँडच्या लोकांच्या जिव्हारी लागलं. त्याच दिवसांत उत्तर अटलांटिकमधल्या शेजारच्या फेरो बेटांनी ३० कोटी डॅनिश क्रोन कर्जाऊ देऊ केले. जेमतेम ५० हजार वस्तीची बेटं ती! नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे २.१ अब्ज डॉलर आले, शेजारी देशांचीही कर्जं आली. पण फेरोची ती मदत मला सगळ्यांत मोठी वाटते.

(दृश्य : घरांची रांग, रंगीत पत्र्याची छपरं.)

आता क्रोनाकडे येऊ. त्याची किंमत निम्म्यावर आली. जानेवारी २००९ मध्ये महागाई १८ टक्क्यांवर गेली. अनेकांनी गाड्या जपानी येन नाहीतर स्विस फ्रँकशी बांधलेल्या कर्जावर घेतल्या होत्या, कारण व्याज कमी. क्रोना पडला आणि कर्ज दुपटीच्या घरात गेलं.

घराचं कर्ज तर महागाईलाच जोडलेलं. समजा, २ कोटी क्रोनांचं कर्ज आहे. बाजारातल्या किमती १० टक्क्यांनी वाढल्या, की मुद्दलच २ कोटी २० लाख. हप्ता चुकवला नाही, तरी डोक्यावरचं ओझं वाढतच जातं. त्यात पगार घटलेले, काहींची नोकरीच गेलेली.

बर्गरसाठी जर्मनीहून येणारा कांदासुद्धा परवडेना. मॅकडोनाल्ड्सची देशातली तिन्ही दुकानं ऑक्टोबर २००९ अखेर बंद झाली.

जानेवारी २००९ मध्ये लोक भांडी आणि पळ्या घेऊन संसदेसमोर उभे राहिले. कडाक्याच्या थंडीत तो खणखणाट दिवसेंदिवस चालला, आणि सरकार गेलं. पुढे चौकशी आयोगाचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल आला, तेव्हा रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो रात्रंदिवस, पानापानाने मोठ्याने वाचला. आपली फसगत कशी झाली, हे लोकांना शब्दन् शब्द ऐकायचं होतं. काही बँकप्रमुखांना पुढे तुरुंगवासही झाला.

घसरलेल्या क्रोनाने हातभारही लावला. निर्यातीच्या मासळीचे जास्त क्रोना येऊ लागले, आयात आटली, परदेशी पाहुण्यांना देश स्वस्त झाला. २०१० मध्ये सुमारे ५ लाख पर्यटक आले होते. २०१८ मध्ये २३ लाख. सर्वोच्च न्यायालयाने परकीय चलनाशी बांधलेली कर्जं बेकायदा ठरवली. घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर गेलेला कर्जाचा भाग माफ करण्याची योजना आली. पैसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून घातलेले निर्बंध मात्र तात्पुरते म्हणून आले आणि मार्च २०१७ पर्यंत राहिले.

या सावरण्याला चमत्कार म्हणणाऱ्यांनी त्या हप्त्यांचा हिशेब धरावा, असं मला मनापासून वाटतं. देश उभा राहिला तो महागलेला किराणा आणि फुगलेलं मुद्दल निमूट सोसणाऱ्या घरांच्या जिवावर.

(दृश्य : केफ्लाविक विमानतळ, रिकामी दालनं.)

एप्रिल २०२०. कोरोनामुळे पर्यटक जवळपास शंभर टक्के थांबले. क्रोना पुन्हा घसरला. पण या वेळी बँका देशाच्या आवाक्यातल्या होत्या, आणि मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत परकीय चलन होतं. २००८ मध्ये क्रोना सावरण्यासाठी तिला व्याजदर १८ टक्क्यांवर न्यावा लागला होता. मे २०२० मध्ये तिने तो १ टक्क्यावर आणला.