किल्ली पोहोचवायची कशी?

श्रोतेहो, नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं जाताना डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती दिसतात. आपले बँकेचे व्यवहार, आपले निरोप अशा ठिकाणच्या यंत्रांतून कुलूपबंद होऊन पुढे जातात. त्या कुलपाची किल्ली म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ. ती दोन्ही टोकांकडे असावी लागते. एटीएम यंत्रांमध्ये या किल्ल्या भरण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि माझं ठाम मत आहे की या क्षेत्रातलं खरं अवघड काम गणिताचं नाही, ते या पोहोचवण्याचं आहे. या प्रश्नावर सैन्याइतका विचार दुसऱ्या कुणी क्वचितच केला असेल.

गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगून ठेवलं होतं की यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावं. याची परीक्षा जानेवारी १९६८ मध्ये झाली. उत्तर कोरियाने अमेरिकेचं ‘पुएब्लो’ हे जहाज पकडलं आणि त्यावरची संकेतयंत्रं त्यांच्या हाती गेली. यंत्रं गेली तरी किल्ल्या रोज बदलतात, म्हणून फार काळजी नाही, असं मानायला जागा होती. पण जॉन वॉकर नावाचा अमेरिकी नौदलातलाच एक अधिकारी त्याच सुमारास सोव्हिएत संघाला किल्ल्यांच्या याद्या विकू लागला होता. खिशातल्या लहान कॅमेऱ्याने तो कागदांचे फोटो काढायचा. १९८५ मध्ये तो पकडला गेला. गणित कुणी फोडलं नव्हतं. किल्ली कागदावर होती, माणसाला वाचता येत होती, आणि तो कागद एकट्या माणसाच्या ताब्यात होता.

आता अमेरिकी सैन्याने यंत्रांत किल्ल्या भरायला वापरलेल्या छोट्या उपकरणांकडे येतो. कोआय-१८ हा भोकं पाडलेली कागदी फीत वाचणारा यंत्राचा तुकडा. फीत बंद प्लास्टिकच्या डबीतून यायची आणि हाताने ओढून त्यातून सरकवायची. त्याला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती. केवायके-१३ ला ती होती. हे उपकरण हातात सहज मावतं. वर फिरवायचे दोन खटके, दाबायचं एक बटण, एक लाल दिवा. आत सहा किल्ल्यांची जागा, आणि त्या टिकवायला बॅटरी. वायरलेस संचाला बोलायचा हँडसेट ज्या प्रकारच्या जोडणीने लागतो, तशाच जोडणीने हे जोडायचं, एक ते सहापैकी क्रमांक निवडायचा आणि किल्ली आत सोडायची. दिवा लुकलुकला की काम झालं. पडदा नाही, आकडे नाहीत. नेणाऱ्या जवानाला आपण काय नेतो आहोत ते कधीच दिसत नाही, त्यामुळे त्याला धरून कितीही विचारलं तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

आणि त्या खटक्यांवर एक जागा आहे, ‘झेड’ अक्षराची. झेड म्हणजे शून्य करा, सगळं पुसा. अंधारात, घाईत, शत्रू समोर असतानाही जमेल इतकं ते सोपं ठेवलंय. मला त्या रचनाकारांचं सर्वांत जास्त कौतुक याचं वाटतं. उपकरण हरवेल, पकडलं जाईल, हे त्यांनी पहिल्या दिवशीच धरून चाललं होतं.

पुढची उपकरणं मोठी झाली. १९९० च्या दशकातल्या सीवायझेड-१० मध्ये हजारभर किल्ल्या मावू लागल्या, पडदा आणि कळफलकही आला, नंतर पीवायक्यू-१० आलं. मग बटणं इतकी वाढली की ‘खरोखर सोपं’ अशा नावाचं उपकरण पुन्हा काढावं लागलं.

आमच्या एटीएमच्या कामातही मूळ शिस्त तीच. मुख्य किल्ली दोन भागांत, दोन वेगळ्या सीलबंद लिफाफ्यांतून, दोन वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या माणसांकडे येते. पहिला आपला भाग टाकतो तेव्हा दुसरा बाजूला उभा राहतो. मग दुसरा टाकतो. दोन्ही भाग यंत्राच्या आतच एकत्र होतात. पडद्यावर फक्त सहा अक्षरांचं पडताळणीचं चिन्ह येतं, ते कागदावरच्याशी जुळवून रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होतात. अर्धी किल्ली हाती असून काहीच उपयोग नाही, हीच यातली ताकद.

आता पुष्कळ ठिकाणी किल्ली नेटवर्कवरून दूरूनच पाठवतात. सैन्यातही रेडिओवरून, म्हणजे हवेतून किल्ली बदलण्याची सोय आहे. पण हवेतून आलेली नवी किल्ली उघडायला आधीची एक किल्ली आत असावी लागते, आणि ती पहिली किल्ली कुठेतरी, कुणीतरी हाताने किंवा कारखान्यातच भरलेली असते.

म्हणून ऐरोली-महाप्यात या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो. जोडीदार पावसात, कळव्यात अडकलाय, साइटवरून फोनवर फोन येतायत, आणि कुणी म्हणेल, ‘दोन्ही लिफाफे तूच टाक ना, काय फरक पडतो?’ टाकू नका. यंत्र दोन तास बंद राहू दे.