थंडीत गाडी उठत नाही? आधी तिचा आवाज ऐका

नमस्कार श्रोतेहो.

कडाक्याच्या थंडीची सकाळ, काचेवर दव साचलेलं, निघायची घाई. किल्ली फिरवावी तर गाडी नुसती कण्हते. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. अशा वेळी तोंडून निघतं, "बॅटरी गेली!" कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा चांगली बॅटरी उगाच बदलली जाते आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच कण्हायला लागते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, काहीही विकत आणण्याआधी गाडी कोणता आवाज काढते ते ऐका.

सगळ्यात जास्त ऐकू येतो तो जड, ओढल्यासारखा आवाज. घर्र... घर्र... घर्र... आणि सोबत मीटरमधले दिवे मंदावतात. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, वीज कमी पडते आहे, असा याचा अर्थ. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ती कमी ताकद देते. नेमकं तेव्हाच इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. दोन्हीकडून ओढाताण. बॅटरीचं आयुष्य खरं तर उन्हाळ्यातली उष्णता खाते. थंडीत ते फक्त उघडकीला येतं.

व्होल्ट मोजणारा एक साधा मल्टिमीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. साडेनऊच्या बराच खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. पण आकडा दहाच्या वर टिकून आहे आणि सेल्फ तरीही रडतोय, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज वाटेत अडते आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या गाडीला नवी बॅटरी टाकूनही सेल्फ तसाच जड होता. शेवटी मल्टिमीटरच्या वायरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला लावला. तिथे जवळपास काहीच दिसायला नको. अर्धा व्होल्ट म्हणजेसुद्धा जास्त. मला दीड व्होल्ट दिसला. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजून गेली होती. पट्टी काढली, खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या किल्लीला गाडी उठली.

टर्मिनलचंही असंच. वरून ठीक दिसतं, पण क्लॅम्प आणि खांबाच्या मध्ये राखाडी थर बसलेला असतो. साधारण दहा नंबरचा पाना लागतो. आधी काळी केबल काढा, मग लाल; लावताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. हा क्रम चुकला तर पाना गाडीच्या बॉडीला लागून ठिणगी उडू शकते. पांढरी-हिरवट भुकटी असेल तर हातमोजे घाला, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने लावा. फसफसतं, ते थांबेपर्यंत घासा, पण सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं झालं की घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्प हाताने जराही फिरता कामा नये.

दुसरा आवाज, नुसतं 'खट्'. दिवे लख्ख आणि एकच खट् आला तर संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला वीज जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचवर, किंवा जोडणीवर. पटापट खटखटखट झालं तर बहुधा बॅटरीच.

तिसरा आवाज फसवा असतो. सेल्फ तरतरीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. इथे वीज पुरेशी आहे. इंधन किंवा ठिणगीत खोट आहे. पेट्रोल गाडीत किल्ली 'ऑन'वर ठेवून दोन-तीन सेकंद थांबा, मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते का पाहा. असं दोनदा केलं की पाइपमध्ये दाब तयार होतो. इंजेक्शनच्या गाडीला सेल्फ मारताना रेस देऊ नका. थंड इंजिनला किती जास्त पेट्रोल द्यायचं हे कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर पाहून गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. तो सेन्सर खोटं बोलायला लागला की फक्त थंडीतच गाडी त्रास देते. स्पार्क प्लग झिजलेले असले तरी तेच.

डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. थंडीत त्याला आधी हीटर प्लग ऊब देतात, म्हणून वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायलाच हवं. सुरू होताना गाडी थरथरते, पांढरा धूर टाकते, मग सावरते, तर एखादा हीटर प्लग गेलेला असण्याची शक्यता मोठी.

ऑइलही बघा. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच घाला.

आणि जंप स्टार्टची वेळ आली तर: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगलीच्या धनाला. काळी चांगलीच्या ऋणाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून दूर, उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. बॅटरी गोठून फुगलेली दिसली तर तिला हातच लावू नका. उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठू शकते.

उद्या सकाळी दिवे, पंखा, रेडिओ सगळं बंद करा. गिअर हाताचा असेल तर क्लच पूर्ण दाबा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. काच थोडी खाली घ्या, म्हणजे आवाज नीट ऐकू येईल.

नमस्कार.