त्याची माय कशी पळती?

(दृश्य: मराठवाड्यातलं एक माळरान. दिवस उगवायच्या आधीचा उजेड. दाव्याला बांधलेलं उंच, सडपातळ कुत्रं. कान मागे, नजर लांब कुठंतरी.)

हे कारवान. लातूरकडे याला कारवानी कुत्रं म्हणतात. खाली कर्नाटकात, घटप्रभेच्या काठी गेलात, की याचंच नाव मुधोळ होतं. पाय लांब, छाती खोल आणि पोट पाठीला चिकटल्यासारखं आत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मालकानं उपाशी ठेवलंय. तसं नाही. दोन वेळा पोटभर भाकरी खाऊनही याची कंबर अशीच राहते.

याच्या मालकांना आम्ही विचारलं, "काका, चांगलं पिल्लू निवडता कसं?"

काका हसले. "पिल्लाचं काय बघायलाव? त्याची माय कशी पळती ते बघा."

मराठवाड्यातल्या माळावर या कुत्र्याचं मानक इतकंच होतं. ते कुणी कागदावर लिहिलं नाही. उघड्या रानात ससा उठायचा, वाकडातिकडा पळत हुलकावण्या द्यायचा आणि कुत्र्याला त्याच वेगात वळावं लागायचं. जे वळलं, त्याची पिल्लं लोक मागून न्यायचे. जे मागं पडलं, त्याच्याकडं कुणी फिरकत नसे. खोल छाती, लांब शेपटी, बारीक कंबर हे सगळं त्या पळण्यातून आलं. रूप ठरवून कुणी पळ मिळवला नाही.

(दृश्य: डॉग शो. रिंगणातला हिरवा गालिचा.)

आता ही दुसरी जागा बघा. परीक्षक अंगठ्यानं कुत्र्याचा ओठ वर करतात, दात बघतात. खांद्याचं हाड चाचपतात. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवतात आणि मालकाला सांगतात, एक फेरी पळवा. दोन-तीन मिनिटांत काम संपतं. नियम असा, की परीक्षकांनी शेजारच्या कुत्र्याशी तुलना करायची नाही. प्रत्येक कुत्रं जोखायचं ते एका कागदाशी. त्या कागदाला म्हणतात ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जातीचं मानक.

हा कागद येतो कुठून? पद्धत इंग्लंडातली. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, दोन्ही बंदुकीच्या शिकारीतले कुत्रे, आणि बक्षीस म्हणून बंदुकाच दिल्या गेल्या. १८७३ साली लंडनला केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, उभा राहिला. पुढची रीत आजही तीच आहे. एखाद्या जातीचे हौशी एकत्र येतात, क्लब काढतात, आपल्या मते नमुनेदार असलेली कुत्री समोर ठेवतात आणि नाकापासून शेपटीपर्यंत वर्णन लिहून काढतात. केनेल क्लब त्याला मान्यता देतो. वंशावळीची वही उघडते आणि काही काळानं बंद होते. मग ज्यांचे आईबाप वहीत, त्यांचंच नाव वहीत. तोवर कुत्र्याकडे बघून कागद लिहिला होता. इथून पुढं कागदाकडे बघून कुत्री पैदा होतात.

आपल्या कारवानचंही हेच झालं. राजाच्या हातून ही जात विलायतेला पोचली, असं सांगतात. मुधोळचे मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी एक जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया याला कॅराव्हॅन हाउंड म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. कुत्रं एक, दप्तरं दोन. काकांच्या कुत्र्याला यातलं कुठलंच नाव माहीत नाही, ते शिट्टीला येतं.

मला काळजी नावाची नाही. काळजी एका तारखेची आहे.

(दृश्य: बुलडॉगचं जवळून चित्रण. फक्त श्वासाचा आवाज.)

हा आवाज ऐका. हे कुत्रं पळून आलेलं नाही. ते बसलंय.

बुलडॉगचं काम त्याच्या नावातच आहे. बांधलेल्या बैलावर सोडायचं आणि नाकाला धरून ठेवायचं. खेळ क्रूर होता, आणि १८३५ साली इंग्लंडनं कायद्यानं तो बंद केला, हे उत्तमच झालं. पण कुत्र्याचं काम त्या दिवशी संपलं. राहिलं ते रूप. १८६०च्या दशकात हौशी मंडळींनी त्याचं मानक लिहिलं. रुंद डोकं हवं, चेहरा आखूड हवा. मग जो जास्त रुंद, जो जास्त आखूड, तो जिंकत गेला. कामाच्या कुत्र्याला एक मर्यादा असते: श्वास लागला, की बैल सुटतो. रिंगणात बैल नसतो. पिढ्यामागून पिढ्या नाक आत जात राहिलं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. आज बहुतेक बुलडॉग पिल्लं सिझेरियन करून जन्माला येतात, कारण डोकं मोठं आणि आईचं कटिर अरुंद. २००९ साली ब्रिटिश केनेल क्लबनं मानकाची भाषा बदलली, अतिरेकाला प्रोत्साहन देणारे शब्द काढले. कागद एका बैठकीत बदलतो. नाक बाहेर यायला किती पिढ्या लागतील, ते त्या कुत्र्यांनाच भोगायचंय.

१८३५ ही बुलडॉगची तारीख. कारवानची तारीख १९७२.

त्या वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौशी शिकारही थांबली. ससा वाचला पाहिजे, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या कामानं हे कुत्रं घडवलं, ते कायदेशीररीत्या संपलं, हेही तितकंच खरं. आता पिल्लू विकत घेणारा विचारतो, रंग कुठला? उंची किती? कागद आहेत का? माय कशी पळती, हा प्रश्न मागं पडायला लागलाय.

(दृश्य: स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या टेकड्या. मेंढ्यांचा कळप. काळंपांढरं कुत्रं जमिनीशी पोट लावून सरकतंय.)

एका जातीनं हा प्रश्न हातातून सुटू दिलेला नाही. बॉर्डर कॉली. १८९३ साली नॉर्थंबरलँडमध्ये ॲडम टेलफर यांच्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. बाप रॉय शांत, आई मेग लाजरी पण नजरेची तिखट. हेम्प भुंकून मेंढ्या हाकत नसे. तो नुसता रोखून बघायचा आणि मेंढ्या वळायच्या. मेंढपाळांनी त्याच्यापासून दोनशेच्या आसपास पिल्लं घेतली आणि आजच्या कॉलींची मुळं त्याच्यापर्यंत जातात.

१९०६ साली मेंढपाळांनी आपली संस्था काढली, इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी. यांची वहीसुद्धा आहे, वंशावळही आहे. पण रूपाचं मानक नाही. कान उभे असोत की पडलेले, केस लांब असोत की आखूड, कुणी विचारत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: कागद नसलेल्या कुत्र्यालाही या वहीत येता येतं. त्यानं मेंढ्यांवर काम करून दाखवायचं. दार बंद आहे, पण कडी कामानं उघडते.

ब्रिटिश केनेल क्लबनं १९७६ साली कॉलीला मान्यता दिली, तेव्हा मेंढपाळ धास्तावले, आता याचाही शोभेचा कुत्रा होणार. म्हणून एक अट आली. रिंगणात जिंकलेली कॉली फक्त शो चॅम्पियन. नुसतं चॅम्पियन म्हणवून घ्यायचं, तर मेंढ्यांवरची परीक्षा द्यावी लागते. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दासाठी माणसं कुत्र्याला घेऊन चिखलात उतरतात.

यानं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. जर्मन शेफर्डचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स यांनी ही जात बांधायला घेतली, ती कामाच्या कुत्र्याची म्हणूनच. तरी आज तिच्या दोन ओळी झाल्यात. एक पोलिसांकडची, सरळ पाठीची. दुसरी रिंगणातली, मागचा भाग जमिनीकडे उतरलेली. नाव एक आणि मानकही एकच, पण दोघं शेजारी उभे केले तर नातेवाईक वाटत नाहीत.

(दृश्य: पुन्हा माळरान. आता उजाडलंय.)

कारवानला मेंढ्या नाहीत आणि ससा नको. मग परीक्षा कसली घ्यायची? दोरीला बांधलेली चिंधी यंत्रानं नागमोडी ओढायची आणि कुत्र्याला मागं सोडायचं, ही रीत जगभर चालते. त्यात कुणाचा जीव जात नाही. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे. भारतीय सैन्यानं मेरठला मुधोळची पिल्लं नेऊन प्रशिक्षण दिलं. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मान मिळतोय, याचा आनंद आहे. आता नोंदणीच्या कागदावर उंची आणि रंगाच्या शेजारी पळण्याचाही एक रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय पैदाशीला परवानगी नको. आज ही कुत्री पळणारी आहेत, तोवरच हे करता येईल.

काकांनी दावं सोडलं.

(दृश्य: संथ गती.)

नीट बघा. एका ढांगेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात. एकदा अंग आकसलेलं, पाय पोटाखाली. एकदा अंग ताणलेलं, बाणासारखं. बांधावरून वळण घेताना शेपटी उलट्या बाजूला झुकते.

कुत्रं परत आलं. जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. काकांनी त्याला पाणी दिलं नाही, की कौतुकानं थोपटलंही नाही. खाली बसले, बरगडीवर तळवा ठेवला आणि गप्प राहिले.

"काय बघताय, काका?"

"दम किती वेळात बसतोय ते."

(दृश्य: बरगडीवरचा हात. श्वास हळूहळू संथ होतोय. निवेदन इथं थांबतं.)