किंमत आधी, यंत्र नंतर

मित्रहो, गेम कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राची किंमत यंत्र तयार झाल्यावर ठरवू गेलं की घात होतो. ती पहिल्या आराखड्याआधीच ठरावी लागते. निन्टेन्डो या जपानी कंपनीचं फॅमिकॉम हे कन्सोल याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण.

१५ जुलै १९८३ रोजी ते जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आलं. त्याच दिवशी प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचं एसजी-१००० आलं, १५,००० येनला. म्हणजे फॅमिकॉमच्या बाजूने निकाल नुसत्या स्वस्ताईवर लागला नाही. तेवढ्याच पैशात आत काय बसवलं, यावर लागला. सेगाने बाजारात मिळणाऱ्या तयार चिप घेतल्या. त्यांत पडद्यावरचं दृश्य सलग सरकवण्याची सोय नव्हती आणि हलणारी प्रत्येक आकृती एकरंगी. निन्टेन्डोने रिकोह कंपनीकडून दोन खास चिप बनवून घेतल्या, एक प्रोसेसरची आणि एक चित्रांची. दृश्य सरकू लागलं, आकृतीला तीन रंग मिळाले.

खास चिप महाग असते, आणि खरा जुगार इथेच होता. ती स्वस्त मिळावी म्हणून अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी रिकोहला ३० लाख चिप विकत घेण्याची हमी दिली. यंत्र बाजारात आपटलं असतं, तर तो सगळा बोजा निन्टेन्डोच्या अंगावर आला असता.

बाकी काटकसर बारीकसारीक. कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. कंट्रोलरच्या वायर थेट यंत्राच्या पोटात नेल्या, त्यामुळे बाहेरचे सॉकेट वाचले. मात्र वायर तुटली की यंत्रच उघडायचं. सुरुवातीची चौकोनी रबरी बटणं अडकून बसत, ती पुढे गोल केली. सगळ्यांत हुशारीची गोष्ट म्हणजे चित्रांची माहिती यंत्रात न साठवता कॅसेटमध्ये ठेवली. खर्च यंत्रावरून कॅसेटवर सरकला, आणि पुढे कॅसेटमध्ये मोठ्या चिप घालून तेच जुनं यंत्र नव्यासारखं वापरता आलं. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी कॅसेट घालून खेळला जाणारा व्हिडिओ गेम बहुतेक याच रचनेची नक्कल होता.

सुरुवातीच्या यंत्रांत सदोष चिपमुळे गेम मध्येच गोठत. निन्टेन्डोने यंत्रं परत मागवून मदरबोर्ड बदलून दिले. स्वस्त वस्तूला ‘टाकाऊ’ असा शिक्का बसला की तो पुसता येत नाही, म्हणून हा खर्च मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जगभरात सहा कोटींवर यंत्रं खपली.

उलट बाजू सोनीची. २००६ मध्ये ब्लू-रे डिस्क चालवणारा भाग आणि ‘सेल’ नावाचा खास प्रोसेसर एकाच यंत्रात घालून तिने प्लेस्टेशन ३ हे कन्सोल अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर अशा दोन प्रकारांत आणलं. त्याच महिन्यात निन्टेन्डोचं ‘वी’ (Wii) हे कन्सोल २४९ डॉलरना मिळत होतं.

खुद्द निन्टेन्डोही पुढे चुकली. फेब्रुवारी २०११ मध्ये तिचं हातात धरून खेळायचं थ्रीडीएस जपानमध्ये २५,००० येनला आलं. दमदार गेम हाताशी नव्हते, खप मंदावला. ऑगस्टमध्ये किंमत थेट १५,००० येन. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, आणि त्या आर्थिक वर्षात कंपनी तोट्यात गेली. पण यंत्र तगलं. अखेरीस साडेसात कोटींवर विकलं गेलं. कपातीआधी पूर्ण पैसे मोजलेल्यांना वीस जुने गेम मोफत दिले. त्यांतले दहा फॅमिकॉमच्या काळातले होते.