वीस मीटर, पाच ग्रॅम

खोक्यांत ओळीने मांडलेला हा खडकाचा गाभा. हिऱ्याचे कण बसवलेल्या ड्रिल बिटने तो जमिनीखालून अखंड कापून काढला आहे. जाडी जेमतेम 48 मिलिमीटर. यात सोनं असलं, तरी बहुधा डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून भूवैज्ञानिक आधी त्याचे सोबती शोधतात: क्वार्ट्झच्या पांढऱ्या शिरा, पायराइट आणि आर्सेनोपायराइट ही लोह-गंधकाची खनिजं, आणि गरम द्रावणांनी रंग पालटलेला खडक.

मग गाभा उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा खोक्यातच राहतो. हा उरलेला अर्धा फार मोलाचा, शंका आली तर तोच पुन्हा तपासता येतो. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या खाण कंपनीने तो राखलाच नाही, जवळजवळ सगळा गाभा दळून टाकला. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. 1997 मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकी खाण कंपनीने जुन्या छिद्रांच्या शेजारीच नवी छिद्रं घेतली, तेव्हा तिथे नाव घेण्याजोगं सोनं निघालं नाही.

निकाल येतो: "20 मीटर, टनाला 5 ग्रॅम." आकडा ऐकून हरखून जावं असाच आहे. पण एकेका मीटरचा तक्ता उघडून बघा. एका मीटरला 90.5 ग्रॅम आणि बाकीच्या एकोणीस मीटरना प्रत्येकी अर्धा ग्रॅम असेल, तरी सरासरी पाचच येते. ही वीस मीटरची शीर नव्हे, एका मीटरची. आणि त्या मीटरचा भरवसा तरी किती? अर्ध्या गाभ्याचं वजन दोन-अडीच किलो, त्यातले सोनं मोजण्यासाठी भट्टीत जातात 30 किंवा 50 ग्रॅम. सोन्याचा एखादा जाडसर कण त्या चिमटीत आला की आकडा उसळतो, निसटला की कोसळतो. असा नमुना पुन्हा तपासायलाच हवा, शक्यतो मोठ्या वजनावर.

लांबीही फसवी असते. छिद्र शिरेला 30 अंशांच्या कोनात छेदत असेल, तर 20 मीटर गाभ्यामागे शिरेची खरी जाडी 10 मीटरच भरते. जाहीर केलेल्या निकालात "खरी जाडी" हे शब्द नसतील, तर ते आवर्जून विचारावेत. गाभा पूर्ण हाती आला का, हेही विचारावं, कारण ठिसूळ भाग भुगा होऊन वाहून जातो आणि कधी सोनं नेमकं तिथेच असतं.

एका छिद्राने साठा ठरत नाही. शिरेचा उतार मोजून, ती पुढे किती खोलीवर भेटेल याचा अंदाज आधी लिहून ठेवतात आणि थोड्या अंतरावर दुसरं छिद्र घेतात. अंदाजाच्याच खोलीवर तीच शीर, तोच पालटलेला खडक लागला, की मग तिसऱ्या छिद्राची जागा ठरते.