फोटोतली जांभळी किनार

(सोलापुरातल्या हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पडद्यावरचा फोटो सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून घेतलेला आहे. भरदुपार, आभाळ पांढरंफटक, वरून चौकटीत उतरलेली कडुलिंबाची फांदी. आता हाच फोटो शंभर टक्के मोठा करतो. दिसलं? पानापानाच्या कडेला जांभळी रेघ. मागे कळसालाही तीच. उन्हाळ्यात आपलं आभाळ निळं कमी आणि पांढरं जास्त असतं, त्यामुळे ही तक्रार आपल्या कानावर जरा जास्तच येते.

तक्रारीच्या पाठोपाठ प्रश्न ठरलेला, "सर, कुठला स्लायडर ओढायचा?" माझं म्हणणं असं, की स्लायडर नंतर बघू, आधी किनार कुठल्या जातीची आहे ते ओळखा. दोन जाती आहेत आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

मूळ कारण एकच. काच सगळ्या रंगांना सारखं वळवत नाही. बीके७ नावाच्या नेहमीच्या क्राउन काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाश किती वळवते त्याचा आकडा, ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला १.५१४ आणि ४८६ नॅनोमीटरच्या निळ्याला १.५२२. फरक अगदीच किरकोळ वाटतो ना? पण याच काचेचं ५० मिलिमीटरचं एकच भिंग घेतलं, तर निळा प्रकाश लालपेक्षा जवळपास पाऊण मिलिमीटर अलीकडे एकवटतो. सेन्सरच्या हिशेबात हे अंतर फार मोठं आहे. न्यूटनची तर खात्रीच पटली होती की भिंगातून हा दोष जाणार नाही. म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. त्याचा अंदाज चुकला. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचा जोडल्या की दोष बराच आटोक्यात येतो, आणि जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. मात्र अशा जोडीने दोनच रंग एका जागी येतात. उरलेल्यांत जांभळा सगळ्यांत हट्टी. तो पसरतो आणि प्रखर उजेडाच्या कडेला उघडा पडतो. फ्लोराइट, ईडी काच वगैरे रंग कमी फाकवणारी भिंगं महागड्या लेन्समध्ये असतात ती या हट्टी रंगासाठीच.

आता जाती. पहिली फोटोच्या कोपऱ्यांत असते, मधोमध नसते. विजेच्या तारेची एक कड लालसर आणि दुसरी हिरवट-निळी दिसली की समजा, ही तीच. इथे प्रत्येक रंगाची प्रतिमा किंचित लहान-मोठी पडलेली असते, कॅलेंडर छापताना रंगाचे थर एकमेकांवर नेमके न बसावेत तसं. लेन्सचं छिद्र लहान केलंत, म्हणजे एफचा आकडा वाढवून एफ ८ केलंत, एफ ११ केलंत, तरी ही हलत नाही. पण सॉफ्टवेअरला ती सगळ्यांत सोपी, कारण लाल आणि निळा थर केसभर ताणला किंवा आवळला की काम झालं. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन’वर एक टिक करायची. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट मिळतात, त्यांतही ही सोय आहे. एक पथ्य मात्र पाळा. आधी फोटो कापून मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती करायला जाऊ नका. हा ताण-आवळ मूळ फोटोच्या मध्यापासून मोजतात. कापल्यावर मध्य सरकतो आणि दुरुस्तीनेच नवी किनार उमटते.

दुसरी जात खरी त्रासदायक. ती मधोमधही असते आणि कडेच्या सगळ्या बाजूंनी एकाच रंगाची असते. हा पुढचा फोटो बघा. यंत्रमागावरचा ताणा, पांढरं सूत, ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर. फोकस मधल्या धाग्यांवर आहे. अलीकडचे धागे जांभळट आणि पलीकडचे हिरवट झालेत. सूत तर एकाच रंगाचं आहे! रंगांचे फोकस मागेपुढे पडल्याचा याहून स्वच्छ पुरावा मिळायचा नाही. यावर टिक लावून काही होत नाही. छिद्र लहान केलं तर होतं. एफ १.८ वरून एफ ४ वर या, बराचसा रंग तिथेच जातो. आणि एक्स्पोजर जपा. संक्रांतीच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वजाचे मानकरी उन्हाच्या विरुद्ध बाजूने टिपताना पांढरं पार उडवलंत, की खांद्याच्या कडेला जांभळं हमखास येणार. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, सावल्या नंतर उचलता येतात. यूव्ही फिल्टर लावून हे जातं असं दुकानात सांगतात. फारसा उपयोग होत नाही. सेन्सरपुढच्या काचेत अतिनील बरंच अडलेलं असतं, आणि आपल्याला छळणारा जांभळा बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातलाच आहे.

एवढं करूनही उरलं, तर लाइटरूममधला डीफ्रिंज स्लायडर. इथे जरा थांबतो, कारण सोलापुरात याचा फटका वेगळा आहे. डीफ्रिंज किनार काढत नाही, ठरावीक छटांचा रंग कडांवरून उतरवतो. ती छटा भिंगाने आणली की रंगाऱ्याने, हे त्याला कळत नाही. तुमच्यातले काहीजण चादरी-टॉवेलचे कॅटलॉग करतात. चादरीच्या जांभळ्या पट्ट्याच्या कडेवर हा स्लायडर चालला, की कड राखाडी पडते आणि व्यापारी म्हणतो, "हा आपला माल नव्हेच!" त्याचं बरोबर असतं.

म्हणून आकडा अंदाजाने वाढवू नका. फोटो दोनशे टक्के मोठा करा, ड्रॉपर घेऊन थेट किनारीवर टिचकी मारा. छटेची पट्टी त्या रंगापुरती आपोआप बसते. मग अमाउंट ओढताना अल्ट दाबून ठेवा, रंग नेमका कुठून उतरतोय ते दिसतं. अमाउंट वीसपर्यंत जातं, पण पाच-सहावर भागलं तर तिथेच थांबा. आणि माल वाचवायचा असेल तर ब्रश घ्या, ब्रशमधलं डीफ्रिंज उणे शंभर करा आणि जांभळ्या पट्ट्यावर फिरवा. तेवढा भाग सगळीकडच्या दुरुस्तीतून वगळला जातो. ही सोय कित्येकांना ठाऊकच नसते.

मोबाइलवाल्यांचं थोडक्यात सांगतो. तुमचा फोन आणि बहुतेक नवे कॅमेरे जेपेगमध्ये पहिल्या जातीची किनार परस्पर काढूनच फोटो देतात. दुसरी उरतेच. मोबाइलचं छिद्र सहसा लहान करता येत नाही, तेव्हा पडद्यावर उजळ भागाला बोट लावून एक्स्पोजर खाली ओढा, किंवा दोन पावलं सरकून पानांच्या मागे आभाळाऐवजी भिंत येऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या फोटोची किनार काढत बसू नका, तिथे ती कुणाला दिसत नाही. बारा बाय अठराचा प्रिंट काढायचा असेल तर मात्र वेळ घाला.

आता पेनड्राइव्ह पुढे द्या. रॉ फाइल असलेल्यांचे आधी उघडू.